वाळूला कुंकू फुटलं

लग्न ठरवायच्या बैठकीत धाराशिवकडच्या वाशीच्या माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता. ‘कंपनीत करता काय तुम्ही?’ मी तेव्हा तरुण होतो आणि आगाऊही. रेझिन, हार्डनर, बाइंडर असलं काही तोंडातून निघालं तर मुलगी हातची जाईल, या भीतीनं मी म्हणालो, ‘डिंक करतो.’ त्यांचा चेहरा खुलला. ‘बाभळीचा का धावड्याचा?’ मी म्हणालो, ‘दोन्ही.’ तिथंच लग्न ठरलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्या माझ्याकडं लाडवांसाठी डिंक मागतात, आणि दर हिवाळ्यात मी तो बाजारातून आणून साध्या पिशवीत घालून कंपनीचा म्हणून देतो. ‘जावयाच्या डिंकाची चवच न्यारी,’ असं त्या गल्लीभर सांगतात. हे गुपित आज मी छापून फोडतोय, पण काळजी नाही. सासूबाई दिवाळी अंकात फक्त साड्यांच्या जाहिराती बघतात.

तसं मी खोटं बोललो नव्हतो. मी डिंकच करतो. फक्त माझा डिंक लाडवात घातला तर खाणारा लाडवासकट जाईल.

हा डिंक कशासाठी, ते आधी सांगतो. लोखंडाची कुठलीही वेडीवाकडी वस्तू, म्हणजे पंपाचं पोट किंवा गिअरबॉक्सचं कवच, ही ओतून करावी लागते. ओतायला वाळूचा साचा लागतो. साच्यासाठी आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. सुतार महिनाभर खपून पॅटर्न करणार, मग मोल्डर तो वाळूत ठोकून साचा घडवणार. वस्तू आतून पोकळ हवी असेल तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचाच एक ठोकळा साच्याच्या आत बसवणार, तो कोअर. शंभर वस्तू करायच्या असतील तर हे सगळं ठीक. एकच करायची असेल तर सुताराचा महिना फुकट.

आता आमचं यंत्र ऐका. पलंगाएवढी पेटी. त्या पेटीत यंत्र वाळूचा थर पसरतं, पत्त्याच्या पानाएवढा जाड. वाळूत आधीच थोडं आम्ल कालवलेलं असतं. वरून एक डोकं सरकत जातं, त्याला डोळ्यांना दिसू नयेत इतकी बारीक भोकं. साच्याचा भाग जिथं जिथं हवा, तिथं तिथं ते डिंकाचे थेंब टाकतं. डिंक आणि आम्ल भेटले की तिथली वाळू दगड होते, बाकीची मोकळीच राहते. पुन्हा थर, पुन्हा थेंब. रांगोळीवर रांगोळी, त्या रांगोळीवर आणखी रांगोळी, अशा हजारभर! शेवटी मोकळी वाळू हळू हातानं बाजूला सारायची, तेरच्या टेकाडातून जुनी मडकी काढतात तशी, आणि आत साचा उभा! लाकूड नाही, सुतार नाही, महिना नाही. सकाळी कॉम्प्युटरवर चित्र, दिवस मावळायच्या आत साचा. मी हे किती वेळा पाहिलंय याची गणती नाही, तरी प्रत्येक वेळी टाळी वाजवतो. लोक हसतात. हसू देत.

या नाटकाचा नायक माझा डिंक, आणि तो अतिशय नखरेल. त्यानं इतकं पातळ असावं की त्या भोकांतून सुटसुटीत बाहेर पडेल, पण भोकातच घट्ट होऊन बसू नये. वाळूत पडल्यावर मात्र लगेच घट्ट व्हावं. चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड अंगावर आलं तरी लोखंड गोठेपर्यंत पाय रोवून उभं राहावं. आणि लोखंड एकदा गोठलं की जळून जावं, म्हणजे आतली वाळू भुरभुर बाहेर येईल. लग्नाचा मांडव असतो ना, तसा. अक्षता पडेपर्यंत हलता कामा नये, आणि वरात गेली की दोन तासांत सुटला पाहिजे. मांडव आधी सुटला तर बोंब, आणि सुटलाच नाही तरी बोंब.

या एका मांडवापायी मी वीस वर्षं चिंचवडला काढली. मग धाराशिवच्या एमआयडीसीतले आप्पा मला शोधत आले. आप्पा नळदुर्गकडचे. घरात कानडी, बाजारात मराठी आणि रागात दोन्ही. त्यांची जुनी फाउंड्री होती. कोल्हापूरच्या एका पार्टीकडून त्यांनी हे साचे छापणारं यंत्र ‘चालवून बघू, न्हाय जमलं तर दसऱ्याला परत’ अशा बोलीवर आणलं होतं. ‘मशीन आणलंय सर, आता त्याला चारा घालणारा पायजे,’ म्हणाले. मी निघालो. बायको म्हणाली, ‘आईच्या जवळ जाताय, आता डिंकाचं बिंग फुटणार.’

पहिल्या दोन महिन्यांत मी जे उद्योग केले त्यातला एकच सांगतो. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने, म्हणजे मळी मुबलक. जुने मोल्डर वाळू घट्ट व्हायला थोडी मळी घालत. मला वाटलं, डिंकात मळी घालून बघावी, स्वदेशी डिंक होईल! गाळली, पातळ केली, भोकांतून गेली, एक साचा छापला आणि वाळायला पेटीतच ठेवून घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर वाळूच्या वरच्या थरावर मुंग्या. विस्कळीत नाहीत हं! जिथं जिथं थेंब पडले होते तिथंच, रेषेवर रेष धरून, कोपऱ्याला कोपरा. पंपाच्या झाकणाचा अख्खा नकाशा जिवंत, काळा, वळवळणारा. मोकळ्या वाळूत एकही मुंगी नाही. मी टाळी वाजवली. आप्पा कमरेवर हात ठेवून म्हणाले, ‘सर, ह्यांना ओव्हरटाइम द्यावा लागंल का?’

त्या दिवसापासून मी फाउंड्रीत ‘डिंकवाले सर’ झालो.

आता दोन माणसांची ओळख करून देतो. पहिले उस्ताद हमीदभाई. चाळीस वर्षं हातानं साचे घालणारे मोल्डर. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, ढेकूळ मोडायचं आणि मोडल्याचा आवाज ऐकून ती चांगली की वाईट ते सांगायचं, ही त्यांची प्रयोगशाळा. यंत्राबद्दल त्यांचं मत पहिल्याच दिवशी कळलं होतं. ‘ये मशीन रेती कू हात नै लगाती सर. हात नै लगाए तो रेती बात कैसी करेगी?’

दुसऱ्या काशीमावशी. वाळूघराच्या सम्राज्ञी. कोकणातून येणारी पांढरी वाळू गोण्यांतून काढायची, चाळायची आणि सिमेंटच्या चार मोठ्या हौदांत भरून ठेवायची. तिथूनच ती यंत्राला जाते. वाळूघरात चप्पल घालून गेलं तर मावशी आप्पांनाही हाकलत. दिवसातून दोनदा त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन काहीतरी विचारायच्या. मी डिंकाच्या थेंबांत गुंतलेला असायचो. मान वर न करता ‘हो हो’ म्हणायचो, आणि त्या जायच्या.

नवरात्र बसलं आणि तिसऱ्या माळेला भूमहून सुनंदाताई आल्या.

डोक्यावर पदर, हातात दुधाची कॅन. कॅन त्यांनी माझ्या टेबलावर उलटी केली आणि दूध नव्हे, लोखंड पडलं! गिअरबॉक्सच्या कवचाचे चार तुकडे.

‘सर, ह्यात माझं पोट हाय,’ त्या म्हणाल्या.

भूमकडचा खवा ज्यानं खाल्ला नाही त्यानं हा लेख इथंच थांबवून तो खाऊन यावा, मी थांबतो. सुनंदाताई आणि त्यांच्यासोबतच्या बायकांची खव्याची भट्टी होती. चाळीस घरचं दूध त्यांच्याकडं यायचं. एवढं दूध हातानं घोटणं शक्य नाही, म्हणून एक यंत्र होतं. मोठ्या कढईत दोन दांडे उलटसुलट फिरत घोटायचे. शेड बदलताना ते टेंपोतून निसटलं आणि कवच फुटलं. यंत्र करणाऱ्या गुजरातेतल्या कारागिरानं कधीच धंदा गुंडाळला होता. दोन दांडे असे उलटे फिरवणारं कवच बाजारात तयार मिळत नाही, आणि सुताराकडं गेलं तर पॅटर्नलाच दिवाळी उजाडणार.

‘दसरा ते दिवाळी, हाच आमचा हंगाम,’ त्या म्हणाल्या. ‘दसऱ्यानंतर दोन-चार दिवसांत मशीन फिरली न्हाय तर चाळीस घरं दूध डेरीला घालतील. घालावंच लागंल, त्यांनी तरी किती थांबावं? आन दूध एकदा तिकडं वळलं ना सर, ते माघारी येत न्हाय.’

मी उभा राहिलो. छातीवर हात ठेवला. (मला हे फार आवडतं.) म्हणालो, ‘ताई, दसऱ्याच्या आधी कवच तुमच्या कॅनमध्ये!’

दारात उभे असलेले आप्पा म्हणाले, ‘सर, कॅनमधी मावायचं न्हाय ते. पर एक सांगतो. हे कवच नीट निघू द्या. निघालं तर मशीन ऱ्हाईल. न्हाय निघालं तर कोल्हापूरचा ट्रक मी आत्ताच सांगून ठेवतो. तुळजापूरच्या वाटंवर आत्ता पायी चालणाऱ्यांची गर्दी, ट्रकवाल्याला चार दिवस आधी सांगावं लागतं.’

म्हणजे बघा, एका कवचावर चाळीस घरांचं दूध, आप्पांचं यंत्र आणि माझी वीस वर्षं. मला तर गुदगुल्या व्हायला लागल्या. तुकडे जोडून मापं घेतली, पोरकट आनंदानं चित्र काढलं. जाताना सुनंदाताईंनी फाउंड्री बघितली. ‘वाळूचं घर तर देवघरावानी ठेवलंय की,’ म्हणाल्या. काशीमावशी लाजल्या.

पहिला साचा छापला. मोकळी वाळू सारायला हात घातला आणि साचाही हाताबरोबर आला. भगरीसारखा! दगड नाही, ढेकूळही नाही. काही ठिकाणी घट्ट, काही ठिकाणी नुसती वाळू.

मी डिंक बदलला. दुसरा साचा. तो उभा राहिला, मी टाळीसाठी हात वर केले आणि तो बसला. उन्हातल्या परेडमधला पोलीस बसतो तसा, आधी गुडघे, मग सगळाच.

मी आम्ल वाढवलं. तिसऱ्या साच्यात कोपरे जळाल्यासारखे काळपट आणि पोट पिठासारखं.

आणि सगळ्यात वेड लावणारी गोष्ट म्हणजे माझ्या खोलीत, त्याच डिंकानं, त्याच आम्लानं, वाटीत कालवलेली वाळू खणखणीत दगड होत होती! खोलीत दगड, यंत्रात भगर. मी यंत्राची भोकं तपासली, थेंब मोजले, वीज तपासली. सुनंदाताईंचा फोन यायचा. ‘सर, चिकटलं का?’ मी म्हणायचो, ‘चिकटतंय.’ पाचव्या माळेला त्या म्हणाल्या, ‘न्हाय तर सर, आमचा खवा लावून बघा. त्यो तरी चिकटंल.’ सातव्या माळेला फोनवर फक्त म्हणाल्या, ‘आज सहा घरांनी इचारलं, डेरीला घालू का म्हणून.’ त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

आणि त्या दिवशी मी ते बोललो जे बोलायला नको होतं.

हौदाजवळ सगळे उभे होते. मी म्हणालो, ‘ह्या वाळूत कुणीतरी हाताच्या साच्यांची जुनी काळी वाळू मिसळलीय. कुणाला तरी यंत्र नको असेल.’ मी ‘कुणीतरी’ म्हणालो, पण बघत होतो हमीदभाईंकडं. ते सगळ्यांना दिसलं.

हमीदभाईंनी हातातली थापी खाली ठेवली. साचा गुळगुळीत करायची ती छोटी पितळी थापी, जी ते जेवतानाही शेजारी ठेवायचे.

‘चालीस बरस रेती का नमक खाया सर,’ ते शांतपणे म्हणाले. ‘रेती में खोट नै मिलाते.’

आणि बाहेर जाऊन लिंबाच्या झाडाखाली बसले. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. फाटकाबाहेर कोल्हापूरचा ट्रक येऊन उभा होता. आप्पा म्हणाले, ‘सर, आज हत्यारांची पूजा करू. मशीनची बी करू, जाताना रिकाम्या कपाळानं जाऊ नये.’ हे ते थट्टेनं बोलले नव्हते, त्यामुळं जास्त लागलं.

भट्टी, ठोकण्या, चाळण्या, सगळं धुऊनपुसून मांडलं. हमीदभाई येऊन आपली थापी, चकचकीत घासलेली, ओळीत ठेवून गेले. माझ्याकडं न बघता. काशीमावशी ताट घेऊन प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावत फिरत होत्या. यंत्रापाशी आल्या, त्याच्या सरकत्या डोक्याला बोट लावलं आणि थबकल्या.

‘आन वाळू? वाळूनं काय घोडं मारलंय? सगळा पसारा तिच्या जिवावर, आन पूजा लोखंडाची!’

त्या हौदातली ओंजळभर वाळू घेऊन आल्या. ताम्हणात तिचा ढीग केला, तांदळावर ठेवतात तसा वर पाण्याचा तांब्या ठेवला. तांब्या कलला, पाणी वाळूवर सांडलं. मावशींनी त्या ओल्या वाळूवर चिमूटभर हळद सोडली.

हळद पिवळी पडली. मग केशरी झाली. मग बघता बघता लालभडक!

कुंकू अजून ताटातच होतं.

‘आई गं!’ मावशी ओरडल्या. ‘वाळूला कुंकू फुटलं! आई पावली!’

आप्पांनी पायातून चपला काढून भिरकावल्या. सगळ्यांचे हात जोडले गेले. माझेही जोडले गेले, खोटं कशाला सांगू. मी डोळे मिटले. आणि मिटलेल्या डोळ्यांपुढं देवी आली नाही, माझ्या लग्नातला सदरा आला. हळदीनं माखलेला. बायकोनं तो कपड्याच्या साबणात घातल्याबरोबर असाच लालभडक झाला होता, आणि ती घाबरून ओरडली होती. तेव्हा मी ऐटीत समजावून सांगितलं होतं: हळद साबणात लाल होते, सोड्यात लाल होते, आणि…

‘चुना!’ मी किंचाळलो. ‘चुना! चुना!’

आप्पांनी डोळे न उघडता खिशातून तंबाखूची चुन्याची डबी काढून माझ्यापुढं धरली. ‘घ्या सर, पर पूजंच्या टायमाला…’

मी ती डबी हिसकावली. बोटावर चुना घेतला, त्यावर हळद टाकली. लाल! धावत खोलीत गेलो. माझ्या टेबलाखाली वाळूची एक न उघडलेली गोणी आणि एक उघडी गोणी असायची. माझे सगळे प्रयोग मी त्या उघड्या गोणीतल्या वाळूवर करायचो, कारण वाळूघर अंगणापलीकडं आणि मी आळशी. त्या वाळूवर पाणी शिंपडलं, हळद टाकली. पिवळी! पिवळीधमक!

आता बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. डिंक घट्ट व्हायला वाळूत आम्ल लागतं. चुना आम्लाचा सख्खा वैरी. हौदातल्या वाळूत चुना होता. तो आमचं आम्ल खाऊन ढेकर देत होता आणि माझा बिचारा डिंक भेटायला गेला की तिथं कुणीच नव्हतं. म्हणून खोलीत दगड आणि यंत्रात भगर. वाळू किती आम्ल खाते हे तपासायची चाचणी मला तोंडपाठ आहे. मी ती केलीही होती. माझ्या टेबलाखालच्या गोणीवर.

‘मावशी,’ मी म्हणालो, ‘वाळूघरात चुना कुठून आला?’

‘कुठनं म्हंजे?’ मावशी चकित झाल्या. ‘म्या दसरा काढला न्हाय का!’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं घर झाडून, सारवून, अंथरुणं-पांघरुणं धुऊन, भिंतींना चुना देऊन लख्ख करतात. त्याला ‘दसरा काढणे’ म्हणतात. मावशींनी वाळूघराचा दसरा काढला होता. चारही हौदांना आतून चुन्याचे तीन-तीन हात! तो चुना वाळूच्या घर्षणानं झडत होता.

‘तीन हात?’

‘दोन हातात काळं दिसत होतं. पाव्हणे बघायला येत्यात आता मशीन.’ मग त्यांच्या आवाजाला धार आली. ‘आन तुमाला इचारूनच काढला की! दारात उभं ऱ्हाऊन म्हनलं, सर, दसरा काढू का? तुमी म्हनला, हो हो, काढा.’

मला ते आठवलं. थेंब मोजता मोजता कानावर पडलं होतं. लहानपणी आमच्याही घरी दसरा निघायचा, पण वीस वर्षं चिंचवडला राहून माझा कान बिघडला होता.

‘मला वाटलं,’ मी पुटपुटलो, ‘तुम्ही दसऱ्याची रजा काढू का म्हणताय.’

‘रजा?’ मावशी म्हणाल्या. ‘चवदा वर्सांत म्या कधी दसऱ्याची रजा काढली?’

मग मावशींना सगळंच उलगडलं. त्या खालीच बसल्या. ‘म्हंजे त्या भूमच्या बाईच्या पोटावर म्या चुना मारला व्हय?’

‘नाही मावशी. तुम्ही विचारलंत. मान वर करून ऐकलं नाही ते मी,’ मी सगळ्यांसमोर म्हणालो. हे वाक्य मी छातीवर हात ठेवून म्हणालो नाही. मग लिंबाखाली गेलो. ‘उस्ताद, मी तुमच्याकडं बघितलं ते चुकलं. माफ करा.’

हमीदभाई उठले, कपडे झटकले. ‘पैले रेती बदलो सर. माफी बाद में देखेंगे.’

आप्पांकडं मी एक दिवस मागितला. त्यांनी फाटकाकडं पाहिलं आणि ड्रायव्हरला हाक मारली, ‘पाव्हणं, उद्या दसरा, इथंच करा. पुरणपोळी हाय!’

वाळूच्या न उघडलेल्या गोण्या गोदामात शोधल्या, तर कवचाच्या एका साच्यापुरत्याच निघाल्या. म्हणजे एकच संधी. हौदांकडं न जाता वाळू गोणीतून थेट यंत्रात टाकायची. दसऱ्याच्या सकाळी सुट्टी असून सगळे हजर. काशीमावशींनी एक मोठं ताट घेतलं, प्रत्येक गोणीतली चमचाभर वाळू ओळीनं मांडली, पाणी शिंपडलं, प्रत्येकीवर हळद. आम्ही सगळे ताटावर वाकलो. माझ्या आयुष्यात मी एवढ्या चिंतेनं पिवळा रंग पाहिला नव्हता. पहिली पिवळी. दुसरी पिवळी. सगळ्या पिवळ्या! ‘हळद लागली,’ आप्पा म्हणाले, ‘आता लगीन लावा!’

रांगोळीवर रांगोळी सुरू झाली. कुणी जेवायला उठेना. ट्रकचा ड्रायव्हर पोळीचा तुकडा हातात धरून यंत्रासमोर उकिडवा बसला होता, सिनेमा बघितल्यासारखा. ऊन कलताना शेवटचा थर पडला. थोडा वेळ थांबून मी मोकळी वाळू सारायला हात पुढं केला, आणि मागं घेतला. ‘उस्ताद, तुम्ही.’

हमीदभाईंनी यंत्रातल्या वाळूला पहिल्यांदा हात लावला. वाळू बाजूला होत गेली, आणि कोपरा आला, कड आली, आतला पोकळीचा कोअर आला, सगळा एकसंध. त्यांनी बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केलं.

टण्ण!

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ‘बात करी, सर. रेती बात करी.’

मी टाळी वाजवली. या वेळी सगळ्यांनी वाजवली. आपट्याची पानं वाटताना मावशींनी आधी साच्यावर एक पान ठेवलं आणि मग माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओतकाम झालं. सुनंदाताई कॅन घेऊन हजर. लोखंड निवल्यावर हमीदभाईंनी साचा फोडला, कवच उचलून आडवं केलं, आणि आतल्या पोकळीतून जळलेली वाळू आपोआप भुरभुर खाली ओतली गेली. मांडव सुटला! अगदी वेळेवर! सुनंदाताईंनी ती कोमट वाळू चिमटीत धरली, चोळली, आणि खवा पारखणारी बाई म्हणाली, ‘दाणा बरोबर पडलाय.’

एवढी शाबासकी मला चिंचवडच्या वीस वर्षांत मिळाली नाही.

ट्रक रिकामा परत गेला. लेथवर कवच तासायला एक दिवस गेला, आणि त्यानंतरच्या दिवशी फोन आला. सुनंदाताईंनी फोन यंत्राजवळ धरला होता. घर्रर्र, घर्रर्र, आणि मागं बायकांचा गलका. मग त्यांचा आवाज आला. ‘तीन घरं गेली सर डेरीला. सदतीस ऱ्हायली.’ ती तीन घरं माझ्या खात्यावर आहेत, हे मी विसरलेलो नाही. ‘बाकी जमलं बगा,’ त्या म्हणाल्या. ‘खवा पाठवते.’

तो खवा आणि बाजारातला डिंक असं दोन्ही घेऊन मी वाशीला गेलो. सासूबाईंनी लाडू केले आणि म्हणाल्या, ‘औंदा तुमचा डिंक लई चांगला उतरला हो.’ मी म्हणालो, ‘हळदीमुळं.’

आता आमच्याकडं वाळूची प्रत्येक गोणी आली की पहिली परीक्षा हळदीची. बरणी वाळूघराच्या दाराशीच असते. मध्यंतरी पुण्याचा एक तरुण तपासनीस आला. त्यानं वहीत बघून विचारलं, ‘ही काशी चाचणी म्हणजे कुठल्या पद्धतीनुसार?’ मी मावशींकडं बोट दाखवलं. ‘ह्यांच्या.’ मावशींनी त्याला आधी चप्पल काढायला लावली.

आणि परवा, घटस्थापनेला चार दिवस असताना, मी नव्या डिंकाचे थेंब मोजत बसलो होतो. दारात सावली पडली.

‘सर, दसरा काढू का?’

मी पेन खाली ठेवलं. खुर्ची मागं सारली, उभा राहिलो, पूर्ण मान वर केली, आणि विचारलं, ‘कशाचा, कुठला आणि कशानं?’

काशीमावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘तुमच्याच खोलीचा,’ त्या म्हणाल्या. ‘जाळीजळमटं बघा किती झाल्यात. खाली मान घालून बसल्यावर दिसनार कशी?’